हरिपूरच्या पेवातला विलायती रस

परदेशातून आणलेले संत्र्याच्या रसाचे डबे मी हरिपूरच्या हळदीच्या पेवात पुरून ठेवले. आठ-नऊ महिन्यांनी वर काढले तेव्हा ते फुगले होते, आणि मला वाटलं, माल चांगला भरलाय. त्यातला एक डबा मी आजारी मामांना प्यायला नेऊन दिला.

यात मूर्खपणा कुठे आहे हे ज्यांना वाचता वाचताच कळलं असेल त्यांना माझा नमस्कार. मला ते कळायला दादा फौजेतून परत यावा लागला, आणि तोवर डबा घरी पोचला होता.

मी मूळचा वडूजकडचा. आमच्या रानात पावसाच्या नावानं नुसते ढग यायचे, म्हणून थोरला भाऊ फौजेत गेला आणि मी मुंबईला. लढाईच्या वर्षांत मी गोदीत माल सोडवणाऱ्या एका पेढीवर कारकून होतो. कारकून म्हणजे काय, तर पेट्यांवरचे आकडे मोठ्यानं वाचायचो. लिहून घ्यायला दुसरा माणूस होता. पण लढाई संपल्यावर सांगलीला मामांकडे आलो तो परदेशी व्यापारातला जाणकार म्हणूनच. आगबोट, परवाना, जहाजाचं भाडं, विमा असे शब्द मी जेवताना टाकायचो आणि मामी माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकायची.

मामा हळदीचे अडते. पेठेत त्यांनी हळकुंड हातात घेऊन मोडलं आणि नुसती मान हलवली तरी भाव ठरायचा. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझ्यावर जीव. तो जीव मी कुठे नेऊन घातला ते सांगतो.

दादा रजेवर आला तेव्हा एकदा म्हणाला होता, "मिसरच्या वाळवंटात आमाला डब्यातनं संत्र्याचा रस मिळायचा. लय गार न्हाई, पर जीव यायचा." एवढ्या एका वाक्यावर मी अख्खी बाजारपेठ उभी केली. आमच्या सातारा भागात दर दोन घरांआड एक फौजी. ते सगळे आता परत येणार. त्यांच्या जिभेला डब्यातल्या रसाची चटक लागलेली. शिवाय उन्हाळ्यात महाबळेश्वरला साहेबलोक, मिरजेत दवाखान्यांतले रोगी. मी मामांना बोटांवर गिऱ्हाइकं मोजून दाखवली.

मामा सुपारी कातरत म्हणाले, "आरं, पर फौजेत फुकट मिळत हुतं. हितं इकत कोन घील?"

"मामा, सवय लागली की माणूस घेतोच."

"मला हळदीची सवय हाय. म्हनून मी हळद पितो व्हय?"

पण शेवटी त्यांनी होकार दिला. मुंबईच्या माझ्या ओळखीच्या एका आयातदाराला मी माल सांगितला. चैत्राच्या आत सांगलीत, असा त्याचा वायदा. चैत्र गेला, वैशाख गेला. आगबोट आधी कुठल्याशा बंदरात कोळशासाठी अडली, मग मुंबईच्या बाहेर धक्क्याची वाट पाहत उभी राहिली, मग मालाला धक्क्यावर उतरायला हमाल मिळेनात, आणि मग परवान्याचा नियम बदलला. उन्हाळ्याचा माल आम्हाला पावसाळ्यात मिळाला. मिरजेच्या स्टेशनात पेट्या उतरल्या तेव्हा वरून पाऊस आणि खालून चिखल. कित्येक पेट्यांना खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग होते, काही डबे कोपऱ्यात चेपलेले होते. डबे भरले कधी हे कुठे लिहिलेलं दिसेना. बहुधा लढाईतच कुठल्यातरी कोठारात पडून राहिलेला तो माल असावा. गोदीत असतो तर असा माल बघून मी मोठ्यानं 'खराब' म्हणून ओरडलो असतो, कारण तो दुसऱ्याचा असता. हा माझा होता. मी म्हणालो, "प्रवासात एवढं चालायचंच."

तासगावच्या बाजारात मी पाल टाकून बसलो. एका शेतकऱ्यानं डबा कानाशी धरून हलवला.

"ह्यात फळ कुठं हाय?"

"फळ नाही, रस आहे. तयार."

"कवा काढला?"

"विलायतेत काढला," मी म्हणालो.

"म्हंजी शिळाच की रं," म्हणून त्यानं डबा खाली ठेवला आणि शेजारच्या गाड्यावर जाऊन उसाचा रस प्याला, माझ्याकडे बघत. एका म्हातारीनं मात्र डबा घ्यायची तयारी दाखवली. आतलं मला परत देऊन रिकामा डबा ती दिव्याच्या तेलाला नेणार होती. साताऱ्यात एक माजी हवालदार भेटला. डबा बघून त्याचे डोळे चमकले, आणि मी म्हटलं, आलं गिऱ्हाईक. तो म्हणाला, "ह्यो परत दिसू नये म्हनून मी फौज सोडली."

आता माल ठेवायचा कुठे? दुकानात घूस आणि ओल. पत्र्याखाली ठेवावा तर उन्हाळ्यात तापणार. पुढच्या चैत्रापर्यंत तो टिकवायचा होता आणि टिकवण्याच्या बाबतीत सांगलीच्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट येते ती म्हणजे पेव. हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, जमिनीच्या पोटात घराएवढे खोल खड्डे आहेत. तोंड एक माणूस जाईल एवढंच आणि खाली रांजणासारखं पसरलेलं पोट. आत पाला आणि चटया लावून हळद भरतात, वर फरशी टाकून मातीनं लिंपतात. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नाही. मामांचं एक पेव त्या साली रिकामं होतं.

पेव सांभाळणारा म्हातारा डोकं खाजवत म्हणाला, "आवं, आत ऊब असती बरं का. हळदीला मानवती. ह्या पत्र्याच्या पोराला मानवंल का?"

"आगबोटीच्या पोटात पण ऊब असते," मी जाणकारपणे म्हणालो. "तिथून आलाच ना?"

त्यानं पेट्या उतरवल्या आणि तोंड लिंपलं.

फाल्गुनात मामांना ताप भरला. उतरेना. मुदतीचा ताप निघाला. त्या काळी या तापावर औषध असं नव्हतंच, त्याची मुदत संपेपर्यंत माणूस टिकवून धरायचा, बस. डॉक्टर रोज येऊन एकच बजावायचे, आतडी कागदासारखी झालीत, पोटाला कसलाही धक्का बसता कामा नये. उठवायचं नाही, बसवायचं नाही, खोकलासुद्धा जपून. पोटात फक्त पातळ. मामा आधीच सडपातळ, आता खाटेवर नुसती घडी घातलेली चादर पडल्यासारखे दिसत. काही दिलं की ओठांच्या कोपऱ्यातून परत येई. मामी त्यांच्या छातीकडे बघत बसायची, ती हलते का म्हणून. मीही तेच बघायचो आणि मग बाहेर जाऊन उभा राहायचो.

एक दिवस डॉक्टर म्हणाले, "फळाचा रस पोटात राहिला तर गडी वर येईल. मोसंबी, संत्रं, काहीही बघा."

बाजारात मोसंबी नव्हती. होती ती सुकून सुपारीएवढी झालेली. मी पेठेतून रिकाम्या हातानं परत आलो, तर मामांनी डोळे उघडले होते. अगदी हळू म्हणाले, "आरं... आपल्या घरात... इलायती रस हाय की."

त्या माणसाला वर्षभर त्या मालावरून पेठेनं हसून घेतलं होतं. तरी तो म्हणाला, आपल्या घरात. मी सायकल काढली आणि हरिपूर गाठलं.

पेव उघडल्याबरोबर कुणी आत उतरत नाही. आत वारा नसतो. उतरलेला माणूस वर येत नाही. आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा. म्हाताऱ्यानं सोडला. अर्ध्यावर जाऊन ज्योत मिटली. त्यानं कंदील वर घेतला, तंबाखू मळली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "थांबा."

"मामा तिकडे वाट बघतायत हो!"

"मग तुमी उतरा. मी तुमच्या मामीला निरोप देतो."

थांबलो. मामांची छाती डोळ्यांपुढे वरखाली होत होती. पुन्हा कंदील सोडला, पुन्हा विझला. ऊन डोक्यावर चढू लागलं तेव्हा कुठे ज्योत तळापर्यंत जगली. म्हातारा उतरला आणि एक डबा वर दिला. कागद गळून पडला होता, पत्र्याला तांबूस डाग होते, पण डबा असा टरटरीत! वरची-खालची बाजू पुऱ्या फुगाव्यात तशी फुगलेली. मी हळदवाल्याच्या घरात राहणारा. आमच्याकडे हळकुंड टच्च भरलेलं असलं की अव्वल, सुरकुतलं की दुय्यम. मी डब्यावर टिचकी मारून म्हणालो, "बघितलंत? अंग धरलंय मालानं."

म्हाताऱ्यानं पेवातूनच कंदील वर धरून डबा न्याहाळला.

डबा मामीच्या हातात दिला. "वरून दोन भोकं पाडायची, एकातून हवा आत जाते, दुसऱ्यातून रस बाहेर येतो," एवढं शिकवलं आणि दुपारी ताप जरा उतरला की द्या म्हणालो. मामीनं डबा देवापुढे ठेवून हात जोडले. मीही जोडले.

तेवढ्यात दारात दादा. फौजेतून कायमचा सुटून गावी आला होता, मामांचं ऐकून तसाच इकडे निघाला होता. मामा झोपलेले. त्यांच्या पायांना हात लावून तो बाहेर आला आणि टोपी काढून ओसरीवर बसला. मला वाटलं, याला जरा बरं वाटेल असं काही दाखवावं. "चल, हरिपूरला. तुझ्याच एका शब्दावर केवढा धंदा केलाय तो बघ. हंगाम सुरू झालाय, बाकीचा माल वर काढू."

आम्ही पोचलो तेव्हा म्हाताऱ्यानं काही पेट्या वर आणून चिंचेखाली ठेवल्या होत्या. मी एक डबा उचलून दादापुढे धरला. दादाचा चेहरा बदलला. त्यानं तो माझ्या हातातून काढून घेतला नाही. तो एक पाऊल मागं सरला.

"खाली ठेव."

"अरे, बघ तरी किती..."

"खाली ठेव म्हनतो ना! हळू." मी ठेवला. तो पेट्यांकडे गेला, वाकून एकेक डबा न्याहाळला. "फुगल्यात रं सगळं. आरं, फुगलेला डबा म्हंजी आत इख झालं. आमच्यात हुकूम हुता, फुगला दिसला की खड्डा काढून पुरायचा. आमच्या कंपनीत एका पोरानं ऐकलं न्हाई. तिसऱ्या दिवशी त्याची टोपी घरी धाडली." मग माझ्याकडे वळला. "कुनाला दिलास का ह्यातला?"

मी सांगलीच्या रस्त्याकडे बघितलं. त्याला कळलं.

"मामाला?"

"दुपारी ताप उतरला की..."

"पळ!" तो ओरडला. "आधी इचार. आन् प्याला असंल तर घशात बोटं घालून ओकायला लाव. मी हितलं बघतो. पळ!"

हरिपूरचा रस्ता दोन्ही बाजूंनी चिंचांचा. एरवी त्या सावलीत सायकल चालवायला काय बरं वाटतं. त्या दिवशी सावलीचा एकेक पट्टा माझ्यावरून जात होता आणि प्रत्येक पट्ट्यात एक मामा मला दिसत होते, भांडं तोंडाला लावलेले. वाटेत हळदीच्या गाड्या, एकामागे एक, रस्ता अडवून. मी घंटी वाजवली, ओरडलो, शिव्या दिल्या. एक गाडीवान शांतपणे म्हणाला, "मयताला चालला का काय गड्या?" मी खाली उतरलो आणि सायकल शेतातून ढकलत पळालो. ढेकळांत पुढचं चाक वाकडं झालं. सायकल तिथेच टाकली. चप्पल कधी गेली ते आठवत नाही. डोक्यात एकच हिशोब चालू होता: ऊन कुठवर आलंय. माझी सावली माझ्या पायांतून बाहेर सरकायला लागली होती. दुपार होऊन गेली होती.

पेठेत शिरलो तेव्हा छातीत भाता चालला होता. आमच्या दारापुढे गर्दी नव्हती. याचा अर्थ चांगला की वाईट हे ठरवायला थांबलो नाही. माजघरात शिरलो.

मामा डोळे मिटून पडले होते. मामी जवळ नव्हती. खाटेशेजारी पाटावर फुलपात्र होतं, रिकामं, आणि त्याच्या तळाशी पिवळसर रसाचा थेंब चिकटलेला होता. मामांच्या ओठांवरही तोच रंग.

दादानं दोन गोष्टी सांगितल्या होत्या. आधी विचार, मग बोटं घाल. माझ्या लक्षात दुसरी तेवढी राहिली होती.

मी खाटेवर गुडघा टेकवला, मामांची मान एका हातानं उचलली आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं सरळ त्यांच्या घशात घातली. मामांनी डोळे उघडले. त्या डोळ्यांत काय होतं ते मी सांगणार नाही. त्यांना ओकारी आली, ते कळवळले, पोट आत ओढलं गेलं, आणि जे होतं ते सगळं माझ्या सदऱ्यावर आलं. मी म्हणत होतो, "येऊ द्या मामा, सगळं येऊ द्या!"

आणि मग मला परसातून आवाज ऐकू आला. ठक. थांबून पुन्हा ठक. अगदी दबकत कुणीतरी काही ठोकत होतं.

मागच्या दारातून मामी आली. तिच्या एका हातात वरवंटा आणि दुसऱ्या हातात डबा. डब्याला वर पोचे पडले होते, भोक एकही नव्हतं. पोती शिवायचं दाभण मोडून तिच्या कमरेला खोचलेलं होतं.

"उघडंना बाई ह्यो," ती म्हणाली. "मोठ्यानं ठोकावं तर ह्यांची झोप मोडंल म्हनून परसात..." आणि तिनं खाटेकडे पाहिलं. "काय झालं? काय केलंस रं?"

"मामी, ते... फुलपात्रात..."

"शेजारनीच्या पावन्यांनी दोन मोसंबी आनली हुती, त्याचा रस दिला. इतक्या दिसांत पैल्यांदा पोटात ऱ्हायला हुता रं! पैल्यांदा!"

मामांची मान उशीवरून कलंडली होती. डोळे अर्धे मिटलेले. छाती हलत होती की नाही हे मला कळेना. मामीनं वरवंटा टाकला तो माझ्या पायावर, आणि मला तो लागला नाही.

मी डॉक्टरांकडे धावलो, अनवाणी, सदरा तसाच. डॉक्टर आले, नाडी धरली, पोटावर तळवा ठेवला, आणि बराच वेळ तो उचललाच नाही. मग विचारलं, "उलटी कशानं झाली?"

मामीनं फक्त माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, पेवापासून. डॉक्टर ऐकत होते, हात पोटावरच.

"डब्यातलं प्याले असते तरी मी काहीतरी करू शकलो असतो," ते म्हणाले. "आतडं फाटलं असेल तर काही करता येणार नाही. पोट कडक झालं, नाडी पळायला लागली, तर मला बोलवा. नाही झालं, तर सुटले." तो डबा त्यांनी लांबूनच बघितला आणि कुणी हात लावू नका म्हणून गेले.

त्यानंतरचे काही तास मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. बसायचा धीर नव्हता. मामी मनगट धरून बसलेली. मधूनच पोटावर बोटं ठेवायची, आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचो. एकदा तिनं कपाळाला आठी घातली आणि मी डॉक्टरांकडे पळायला दाराशी पोचलो; ती म्हणाली, "माशी हाय." रस्त्यावरून गाड्यांचे आवाज येत होते, पेठ नेहमीसारखी चालली होती, आणि मला त्या सगळ्या व्यापाराचा असा तिटकारा आला की आगबोट हा शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही असं ठरवलं.

परसात डबा एकटाच दगडावर होता. उन्हात. संध्याकाळी केव्हातरी तो स्वतःहून फुटला. मोठा आवाज नाही, नुसता फस्सकन सुस्कारा, आणि मामीच्या दाभणानं पोचे पाडलेल्या जागेतून तपकिरी फेस उसळून तुळशीपर्यंत गेला. वास असा की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. मामीनं फेसाकडे पाहिलं, मग मोडक्या दाभणाकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.

दिवे लावायच्या वेळेला दादा आला. हातापायांना माती, खांद्यावर हरिपूरच्या म्हाताऱ्याचं फावडं. आत येताना त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि माझ्या तोंडावरून सगळं ओळखलं. खाटेजवळ जाऊन उभा राहिला. मामीनं पुन्हा पोट चाचपलं आणि या वेळी तिचा हात सैल पडला. "मऊ हाय," ती म्हणाली. मग पुन्हा, "मऊच हाय गं बाई." तिनं मोसंबीची उरलेली अर्धी फोड पिळली, कापसाचा बोळा बुडवून मामांच्या ओठांना लावला. ओठ हलले. त्यांनी गिळलं. आम्ही तिघंही त्या गळ्याकडे बघत होतो, परत येतं का म्हणून. आलं नाही.

थोड्या वेळानं मामांनी डोळे उघडले. दादाला ओळखलं. त्याच्या मातीच्या हातांकडे, फावड्याकडे बघितलं.

"काय... करून आलास?"

"फुगलेले डबे पुरून आलो, मामा. संगमाकडच्या पडीक रानात. सगळे."

मामांनी मान हळूच वळवून माझ्याकडे पाहिलं. पेठेत हळकुंड मोडून बघायचे त्याच नजरेनं.

"सगळे म्हनतोस," ते म्हणाले, "मग ह्यो वर कसा राहिला?"